नकाशातला हिरवा दिवा

हैदराबाद,
२१ डिसेंबर १९३५

ती. वामनदादांस नीलाचा नमस्कार.

गाडी काचीगुड्यास एक तास दहा मिनिटं उशिरा पोचली. रमामावशी आणि दीनानाथकाका दोघंही स्टेशनावर आले होते. मावशीने ट्रंक हमालाच्या डोक्यावर जाईपर्यंत धीर धरला आणि मग विचारलं, "दहा महिने भावाच्या घरी बसून हायेस, मंग ते मिडवाइफचं शिकून काय केलंस?" टांग्यात मी तिला नेमणुकीच्या हुकुमातली ओळ सांगितली. जागा मंजूर आहे, मात्र ती 'पिंपळगाव रेणुकाई येथील जनाना दवाखाना सुरू होईल त्या तारखेपासून'. ती म्हणाली, "आन् सुरू कवा होतो?" मी म्हणाले, इमारतीचं काम चालू आहे असं दादा म्हणतात, आणि दादा त्याच आरोग्यखात्याच्या जालन्याच्या कचेरीत कारकून आहेत, तेव्हा ते खरं असणार. 

काल सिकंदराबादेस नाताळची रोषणाई पाहिली. एका कापडाच्या दुकानावर तांबडे आणि पिवळे दिवे आळीपाळीने लावले होते. मी मोजले, तीनशे चाळीस. त्यांतले सात बंद होते. कागदाच्या चांदण्यांत दिवा ठेवून त्या रस्त्यावर आडव्या टांगल्या आहेत. वारा आला की चांदणी फिरते आणि तिचा उजेड खालच्या माणसांच्या तोंडावरून सरकत जातो. एका म्हाताऱ्या पारशी बाईंच्या तोंडावरून तो सरकला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि उजेड पुढे गेल्यावर उघडले. चांदणी परत फिरली, पुन्हा तसंच. मी हे बराच वेळ पाहत उभी होते. मावशी म्हणते मी हसत होते. असेन.

बँड होता, फुगे होते, थंडी जालन्याइतकी नाही. काकांनी बिस्किटं आणि दुधाचा दाट चहा दिला. दादा, मला फार बरं वाटलं. परवापासून मोठ्या मैदानावरचं हिवाळी प्रदर्शन पाहणार आहोत. तिथे विजेचा साठ फुटी मिनार आहे आणि आपल्या खात्याचाही मंडप आहे असं काका सांगतात. तो मी नीट बघून येईन.

शरयूवहिनींना नमस्कार.

नीला

*

जालना,
२४ डिसेंबर १९३५

चि. नीलास आशीर्वाद.

तुझं पत्र आजच आलं. तू कुठे हसलीस हे वाचून तुझ्या वहिनीने ते दोनदा वाचायला लावलं. हौस कर, बिलकुल कंजूषपणा करू नको. मिनार बघ, मोठा पाळणा आहे म्हणतात त्यात बस, मावशीलाही बसव.

आमच्या खात्याच्या मंडपात मात्र वेळ घालवू नको. मी ते मंडप जाणतो. मेणाची मुलं, माशांची चित्रं, भिंतीला टांगलेले आकडे. दोन वर्षं तू तेच घोकलंस, आता सुट्टीत पुन्हा कशाला? शिवाय गर्दी फार आणि आपल्या बायकांना धक्के खावे लागतात. काकांनाही तसं सांग.

इमारतीचं चालू आहे. थंडीत चुना सावकाश वाळतो.

वामन

*

हैदराबाद,
२६ डिसेंबर १९३५

ती. दादांस नमस्कार.

तुमचं पत्र आज सकाळी मिळालं. मी मंडपात काल दुपारीच जाऊन आले होते.

काय झालं ते क्रमाने लिहिते. तुमच्याकडे ते दुसऱ्या कुणाकडून आधी पोचलं असेल, तर माझं ताडून बघा.

मंडपात शिरल्यावर समोर बारा फूट लांब लाकडी नकाशा आहे, साऱ्या संस्थानाचा. गावांच्या जागी बारके दिवे बसवले आहेत. पांढरा दिवा म्हणजे देवी काढणारा, लस टोचणारा माणूस, तांबडा म्हणजे दवाखाना, हिरवा म्हणजे जनाना दवाखाना. खाली अंधार ठेवलेला, त्यामुळे नकाशा फार सुंदर दिसतो. लोक 'वाहवा' म्हणत होते. मीही म्हणाले. मग मी आपला जिल्हा शोधला. त्यात अकरा हिरवे दिवे होते, आणि भोकरदनच्या वर, अजिंठ्याच्या डोंगराच्या अलीकडे, एक पिंपळगाव रेणुकाईचा.

तिथे मुनीर नावाचा एक तरुण हातात वेताची छडी घेऊन माहिती सांगत होता. मी त्याला छडी त्या दिव्यावर ठेवायला सांगितली.

"ये जनाना दवाखाना, बाई. चालू है. दाई है, दवा है, चार पलंग है."

मी विचारलं, दाई कोण?

"होगी कोई ट्रेनिंगवाली."

मी म्हणाले, ती मी.

तो हसला आणि म्हणाला, "तो फिर तुम इदर क्या कर रै?"

भोवतालची माणसंही हसली. 

जुलैअखेर मी पिंपळगावला जाऊन आले हे तुम्हाला माहीत आहे. त्या जागेवर चार कोपऱ्यांना चार दगड रोवलेले होते आणि मधे शेळ्या बसल्या होत्या. तुळजाबाई नावाची एक बाई मला तिथे भेटली. तिची पहिली दोन्ही मुलं भोकरदनला जाताना गाडीतच गेली. तिने विचारलं होतं, "बाई, माझ्या तिसऱ्याच्या टायमाला व्हईल का?" मी हिशेब करून सांगितलं होतं, होईल. आता तिला सातवा लागला असेल.

मी हात पुढे केला आणि तो हिरवा दिवा अर्धा फेरा उलटा फिरवला. मला वाटलं तो एक विझेल. एका जिल्ह्याचे सगळे दिवे एकाच तारेवर माळेसारखे ओवलेले आहेत हे मला माहीत नव्हतं. साऱ्या जिल्ह्याचा नकाशा काळा झाला. त्याच क्षणी खात्याचे मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आत येत होते.

माझं नाव आणि पत्ता लिहून घेतला आहे. काका माझ्याशी बोलत नाहीत. मावशी बोलते, पण काकांना ऐकू जाईल असं. "सण बघाया बोलावलं, तर दिवे मालवून आली."

मला एवढंच सांगा. जालन्याहून या दवाखान्यांच्या माहितीचे तख्ते कोण भरून पाठवतं?

नीला

*

जालना,
२९ डिसेंबर १९३५

नीलास,

इथे हैदराबादेहून तार आली. आमच्या कचेरीचे प्रमुख, मुहतमीम साहेब, यांनी मला बोलावून उभं केलं आणि विचारलं, ही पोरगी तुझी कोण. कचेरीतली सगळी माणसं माना वर करून बघत होती. पंधरा वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

तुला काय वाटलं? दिवा फिरवला की इमारत उभी राहील? सरकारी वस्तूला हात लावणं, तेही पाहुण्यांसमोर, आणि एका बाईमाणसाने. तुला दोन वर्षं शिकवलं, बोर्डिंगात ठेवलं, लोकांची बोलणी मी ऐकली, ती यासाठी का? तू लहानपणापासून अशीच. चूल पेटत नसेल तर बाकीच्या बायका फुंकर मारतात, तू लाकूड बाहेर काढून बघत बसतेस.

तख्ते कोण भरतं हे विचारायचं तुला काय कारण? कचेरीत दहा हात आहेत. मंजुरी आली म्हणजे काम झालंच समजायचं असतं, आज ना उद्या होतंच. प्रदर्शनात लोकांना 'आज ना उद्या' दाखवत नाहीत.

मोठ्या साहेबांकडे जा. काकांना सोबत घे. माफी लिहून दे, ते सांगतील ती. शब्दावर अडू नको. तुझं जे होईल ते होईल, माझ्या घरात दोन मुलं आहेत.

वामन

*

हैदराबाद,
२ जानेवारी १९३६

ती. दादांस,

काल काकांबरोबर मोठ्या साहेबांकडे गेले. आम्हाला दोन तास दहा मिनिटं बाहेर बसवलं. आत गेल्यावर साहेबांनी माझा हुकूम मागितला, वाचला आणि शांतपणे म्हणाले, "दवाखाना चालू आहे. दाईची जागा भरलेली आहे. ती दाई तुम्ही आहात असं तुम्हीच म्हणता. मग तुम्ही दहा महिने कामावर गैरहजर आहात. दिव्याचं मी सोडून देईन, याचं काय?"

काकांनी हात जोडले. मी जोडले नाहीत. मी म्हणाले, तिथे इमारत नाही. साहेबांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "माझ्याकडे जालन्याचा कागद आहे. तुमच्याकडे काय आहे?"

तो कागद मी वाचला. उर्दू मला येते हे त्यांना बहुधा वाटलं नव्हतं. पिंपळगावची ओळ चौथी. दवाखाना: जारी. पलंग: चार. दाई: हजर. आणि ओळीच्या शेवटी टिंब देऊन त्यावर एक लहान आडवी रेघ.

दादा, कचेरीत दहा हात असतील. ओळ संपल्यावर अशी रेघ मारायची सवय एकाच हाताला आहे. मला पहिली बाराखडी त्याच हाताने गिरवून दिली होती. खरं सांगायचं तर मंडपातही नकाशाशेजारी याच कागदाची, याच हातची दुसरी प्रत टांगलेली होती आणि मी ती दिवा फिरवण्याआधी पाहिली होती. मागच्या पत्रात लिहिलं नाही. तुम्ही आपण होऊन सांगाल असं मला वाटलं. चुलीतलं लाकूड बाहेर काढून बघायलाही तुम्हीच मला शिकवलंत.

साहेबांना मी हे सांगितलं नाही. त्यांनी तयार माफीपत्र पुढे केलं. मी सही केली आहे. म्हणजे तुमच्या घरातली दोन मुलं सुखरूप आहेत.

आता एका प्रश्नाचं उत्तर हवं, आणि यावेळी चुन्याचं काही सांगू नका. इमारतीच्या कागदांच्या मिसलीचं काय झालं?

नीला

*

जालना,
६ जानेवारी १९३६

चि. नीलास,

सही केलीस हे वाचून माझ्या जिवात जीव आला. शहाणी झालीस. काकांचंही पत्र आलं की साहेब निवळले.

तू विचारलंस म्हणून लिहितो, पत्र वाचून फाडून टाक.

मार्चअखेर तख्ता मागवला. छापील कागदाला दोन खाने, 'जारी' आणि 'नाही'. 'मंजूर पण सुरू नाही' असा खानाच नाही. 'नाही' लिहिलं तर मंजुरी परत जाते, पुढच्या साली पुन्हा अर्ज, पुन्हा शिफारस. 'जारी' लिहिलं तर मंजुरी टिकते, मागून इमारत झाली की कागद खरा होतो. आमच्याकडे सगळे असंच करतात. मी गावाचं वाईट चिंतून लिहिलं नाही, तुझी जागा जाऊ नये म्हणून लिहिलं. पलंग चार हा आकडा मंजुरीतलाच आहे, मनाचा नाही.

पण वर कुणीतरी जास्त हुशार निघाला. दवाखाना जारी आहे, मग इमारतीची मिसल उघडी कशाला, असं म्हणून जुलैत ती दाखल-दफ्तर झाली. म्हणजे बंद. तेव्हापासून मी रोज ठरवत होतो तुला सांगायचं. रोज चुना वाळत राहिला.

आता ती मिसल उघडायची तर पहिला तख्ता खोटा होता असं कुणीतरी लिहून द्यावं लागेल. ते कोण लिहील हे तुला कळतंच.

तू परत ये. तुला दुसरीकडे कुठे लावता येईल ते बघू.

वामन

(खाली दुसऱ्या हाताने)

नीलाताई, मी शरयू. हे पत्र टपालात टाकाया मला दिलं म्हणून दोन ओळी लिहिते. ते जुलैपासून नीट जेवत न्हाईत. मला वाटायचं पोटाचं हाय. तुमी त्यास्नी लई बोलू नका. पण बोला.

*

पिंपळगाव रेणुकाई,
३१ जानेवारी १९३६

ती. दादांस नमस्कार.

मी जालन्यास आले नाही याबद्दल वहिनींनी रागावू नये. गाडी पहाटे जालन्यास थांबली, मी स्टेशनावरूनच भोकरदनची मोटार धरली आणि पुढे बैलगाडी. पिंपळगावास १३ जानेवारीस दुपारी पोचले.

तुम्ही माफीपत्र वाचलेलं नाही, म्हणून त्यातला मजकूर देते. पहिलं वाक्य, मी परवानगीशिवाय दिव्याला हात लावला. हे खरं आहे. दुसरं, साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे पिंपळगावचा दवाखाना जारी असल्याने मी तिथे तात्काळ कामावर हजर व्हावं. त्याखाली मी लिहिलं, 'मान्य. पंधरा तारखेच्या आत रुजू होते.' साहेबांनी स्वतः शिक्का मारला. त्याची नक्कल माझ्याजवळ आहे. तेव्हा मी इथे कुणाच्या मर्जीने आलेली नाही.

दवाखाना पाटलांच्या वहिनी द्वारकाबाई यांच्या ओसरीत आहे. लांबी चौदा फूट, रुंदी सात. एका बाजूला भिंत नाही, तिथे मी गोणपाट लावलं आहे. गावची जुनी दाई नूरबी पहिले चार दिवस समोरच्या पारावर बसून मला बघत होती. पाचव्या दिवशी उठून आली आणि म्हणाली, "बाई, तुमची कैची लई बेस हाय. पर तुमचे हात गार हायेत. बाईला भ्या वाटतं." तेव्हापासून ती हात शेकून घ्यायला लावते आणि मी तिला पाण्यात उकळल्याशिवाय कात्री धरू देत नाही. आमचं दिवसातून एकदा भांडण होतं.

माझा पहिला महिनेवारी तख्ता या पत्रासोबत आहे. छापील कागद मिळाला नाही, मी रेघा आखून केला आहे. तुमच्या कागदावर दोन खाने असतात, मी तिसरा आखला. तो असा भरला आहे.

इमारत: नाही. पलंग: नाही, बाजा दोन, मागून आणलेल्या. दाई: १३ जानेवारी १९३६ पासून हजर, त्याआधी नाही. बाळंतपणं: तीन. आया: तीन जिवंत. मुलं: दोन जिवंत, एक मेलेलं. मेल्याचं कारण: मूल आडवं होतं, रात्रभर अडलं होतं, डॉक्टर बावीस मैलांवर, आणि ओसरीत थंडी.

ते तिसरं मूल तुळजाबाईचं. दीड महिना आधीच कळा लागल्या. ती स्वतः वाचली.  तिच्या नवऱ्याने मला विचारलं, "दवाखाना झाला म्हने, हैदराबादच्या कागदावर. त्यात आमची बाई मोजली का न्हाई?" मी म्हणाले, आता मोजते.

मी फार रागात आहे, दादा. हा राग तुमच्यावर आहे, साहेबांवर आहे आणि मी तिथे उभी राहून वाहवा म्हणाले म्हणून माझ्यावर आहे. त्याचे भाग करता येत नाहीत.

हा तख्ता पुढे पाठवायचं काम तुमच्या टेबलाचं आहे. तुम्ही त्यातला एकही शब्द बदलू नका. दुसरी प्रत करून ठेवली आहे. दहा तारखेपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही तर ती मी मोठ्या साहेबांच्या नावाने थेट पाठवीन, आणि सोबत पहिला तख्ता कुणाच्या हातचा तेही लिहीन. ते माझ्या हाताने लिहायची वेळ आणू नका.

नीला

*

जालना,
७ फेब्रुवारी १९३६

चि. नीलास,

तुझं पत्र कचेरीच्या पत्त्यावर पाठवायला नको होतंस. बदरोद्दीनने फोडलं, तो टपाल घेतो, आणि त्याने वाचून, पुन्हा घडी घालून माझ्यापुढे ठेवलं. 

धमकी दिलीस हे मला आवडलेलं नाही. मोठ्या भावाला तारीख घालून देतात का? पहिला तख्ता मी का भरला ते तुला सांगितलं होतं आणि ते कारण मला आजही खोटं वाटत नाही. तू खुशाल रागाव, पण मला लबाड म्हणू नको. मी भित्रा होतो. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, तू एवढी मोजमाप करणारी आहेस तर हेही मोजून घे.

काल दुपारी तुझा तख्ता रवाना केला, जसाच्या तसा. मुहतमीम साहेब म्हणाले, तिसरा खाना कुणी आखला. मी म्हणालो, दाईने. ते म्हणाले, खोडा. मी म्हणालो, मग सोबतची कैफियतही परत घ्यावी लागेल. त्यांनी कैफियत वाचली. त्यात मी लिहिलं आहे की मार्चचा तख्ता माझ्या हातचा, पिंपळगावची ओळ चुकीची, दुसऱ्या कुणाचा दोष नाही, इमारतीची मिसल पुन्हा उघडावी. सही पूर्ण नावाची केली आहे. साहेबांनी दोन्ही कागद पुन्हा माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, तूच लिफाफा बंद कर. तो मी बंद केला.

 मला टेबलावरून उठवून मागच्या खोलीत जुनी दफ्तरं लावायला बसवलं आहे. पुढे काय होईल ते माहीत नाही. तुझ्या वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, मंग आज जेवा तरी. जेवलो.

ती आमचा लाकडी पलंग पाठवायचं म्हणते, मुलं खाली निजतील. भोकरदनपर्यंत मोटारीच्या टपावर जाईल, पुढे गाडी लागेल. लांबी सहा फूट दोन इंच, रुंदी तीन फूट, पाय सुटे होतात. तुझ्या ओसरीत त्या दोन बाजांशेजारी मावेल का, ते मोजून कळव.

वामन